हेलपाटा कशाला, काकू?

ये, जवळ सरक. इतकी लांब बसतेस, जशी परकीच. फोनवर नुसतं "हो हो, येते" म्हणत वर्ष काढलंस, हे काही बरं नाही. आता आलीच आहेस तर समोरच्या गिरीशरावांचं सांगते.

हा माणूस कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मी म्हणावं, "आज भाजीवाल्याकडे..." की हे म्हणणार, "मेथी संपली." मला सांगायचं असतं, भाजीवाल्याकडे मुलीचं लग्न ठरलंय! हसू नकोस, या सवयीपायी त्यांच्या बायकोची, सुलभाची, वाचा जायची वेळ आली होती.

त्यांची नोकरीच तशी. महाळुंग्याच्या एका कारखान्यात बिनड्रायव्हरच्या गाड्या माल वाहतात. समोर माणूस आला की "थांबू का?" हा निरोप मोबाइलच्या नेटवर्कवरून कुठल्या कुठं लांबच्या कॉम्प्युटरला जायचा. उत्तर येईस्तोवर गाडी पुढं सरकलेली. गिरीशरावांनी छोटे कॉम्प्युटर शेडमध्येच आणून बसवले. आता गाडी विचारते न् जागच्या जागी थांबते. मला म्हणाले, "लांबचा कॉम्प्युटर म्हणजे ढग, काकू, आणि हे शेडमधले म्हणजे आपल्या अंगणातलं धुकं. शेजारी विचारून भागतंय तर हेलपाटा कशाला?"

एवढ्यावर थांबले असते तर बरं. घरीही तेच, मिठाची बरणी स्वयंपाकघरात, टेबलावर आणि गॅलरीतसुद्धा. पुढं सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून म्हणाले, दर वेळी सेक्रेटरींना कशाला विचारायचं, मजल्यावरच निर्णय घ्या. आम्हीही माना डोलावल्या. एका सकाळी नळ कोरडे, तर प्रत्येक मजल्यानं आपापला टँकर मागवला. गेटपासून कोपऱ्यापर्यंत टँकरच टँकर, टाकी भरून वाहतेय, वॉचमन कपाळाला हात लावून बसलेला. गिरीशराव मात्र खूश. म्हणे, पण पाणी किती लवकर आलं बघा.

मग सुलभाला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सुधारले, जीभ अडखळायला लागली. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तशी बोलायची. हे सवयीनं तिची वाक्यं पुरी करायचे, प्रेमानंच हो. होता होता तिनं बोलणंच सोडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिला बोलू दिलं नाहीत तर आहे ती वाचाही जाईल.

परवा अळूवड्या घेऊन गेले. सुलभा माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू..." आणि अडकली. मी आपली तिच्या मदतीला धावणार, तोच गिरीशरावांनी हात वर केला.

"थांबा काकू. येऊ दे तिचं तिला."

बसलो. पंखा फिरत होता. गिरीशरावांचा गुडघा नुसता थडथडत होता, ओठ घट्ट आवळलेले, पण नजर तिच्यावरून हलली नाही. सुलभा कपाळाला आठ्या घालून शब्द शोधत होती. शेवटी सापडले.

"ह्यांच्या हातचा... चहा... पिऊ नका."

गिरीशराव मोठ्यांदा हसले आणि तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग उठून चहाच करायला गेले. भयंकर होता गं. मी दोन कप प्याले.

आता पुन्हा ये, लवकर ये. सुलभाला गप्पांना नवीन माणूस हवं असतं. पण सकाळीच ये आणि जेवायला थांब, तिचं एक वाक्य होईस्तोवर माझी सगळी भाजी चिरून होते.