नजरेची चाचणी

हिरामणच्या घरात कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून शेजारच्या गोदूबाईंच्या घशाखाली धड घास उतरेना. पेणजवळच्या जोहे गावात दोन्ही घरांचे गणपतीचे कारखाने भिंतीला भिंत लावून. पण आता गिऱ्हाईक आलं की सरळ हिरामणकडे वळायचं, पडद्यावर मूर्तींचे फोटो बघायला.

पण देवाला दया आली म्हणायची. कॉम्प्युटर मधेच हँग व्हायला लागला. चित्र जागच्या जागी थिजायचं. आणि थिजायचं तेही नेमकं गोदूबाई येऊन बसल्या की.

"गोदूची नजर, दुसरं काय," हिरामणची बायको सगुणा नळावर बोलली. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. सगुणाच्या सुनेचं डोहाळजेवण चार दिवसांवर आलेलं. असल्या नजरेच्या बाईला पोटुशीसमोर कोण बसवणार? गोदूबाईंना आता पाणीही उतरेना.

पेणहून पोपट मेकॅनिक आला. त्याने कॉम्प्युटरवर एकदम दहा कामं लादली, चार तास दमवला. तो पठ्ठ्या काही हँग होईना.

"बिघाड माझ्यासमोर झाल्याबिगर सापडायचा नाय," पोपट म्हणाला.

"मग गोदूलाच बोलवा," सगुणा म्हणाली.

गोदूबाई आल्या. पोपट कॉम्प्युटरचा खालचा डबा उघडून बसला होता. त्याने खुर्ची पडद्यासमोर सरकवली. "काकी, मनात काय येतं ते येऊ द्या. लाजू नका."

"माझ्या मनात काय येतंय? मी देवाला फुलं वाहून आलेय."

असं म्हणून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्या अर्धा तास मनापासून जळल्या. कॉम्प्युटर मजेत चालू. गोदूबाईंना हायसं वाटलं, आणि थोडा अपमानही. एवढं जळून काहीच नाही?

पोपटने डबा बंद केला. "काकी, बाहेर जाऊन परत या. आणि वहिनी, रोज करता तसंच करा."

गोदूबाई परत उंबऱ्यात आल्या. पावलं वाजली तशी सगुणाने सवयीने खुंटीवरची मोरांची मखमली शाल ओढली आणि डब्यावर टाकली. नजरेच्या भीतीने पडदा झाकला असता तर गोदूला कळलं असतं, म्हणून डबा.

पंधरा मिनिटांत चित्र थिजलं. पोपटने शाल उचलली, तशी आतून गरम वाफ आली.

"ह्याचा पंखा मागून गरम हवा सोडतो. तुम्ही रोज त्याचं नाक दाबताय. नजर नाय काय, शाल हाय."

हिरामणला एकदम कारखान्यातलं काम आठवलं. सगुणाने खाली मान घालून शालीची घडी केली आणि गोदूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"तुलाच राहू दे गो. आणि डोहाळजेवणाला ये. पयली ओटी तूच भर."

त्या शालीवरही गोदूबाईंचा डोळा होताच.

दुसऱ्या दिवशी सगुणा बोलावण्याचं कुंकू घेऊन आली. गोदूबाईंची मोठी मूर्ती नुकतीच रंगवून झाली होती, गावात दुसरी नाही अशी. दारात बांगड्या वाजल्या. "ये गो" म्हणायच्या आधी गोदूबाईंनी शाल ओढली आणि मूर्तीवर टाकली. मुकुटाचा सोनेरी रंग अजून ओला होता, हे मग आठवलं.

सगुणा उंबऱ्यातच थांबली. मोरांवर सोनं उमटताना बघत राहिली.

"गोदू," ती हळूच म्हणाली, "बाप्पाचं तरी नाक दाबू नको गो."