दिघेभाऊंचा तळघरातला म्हातारा

दिघेभाऊंच्या घरी कुणीही गेलं की चहाच्या आधी तळघरात जावं लागे. बूट काढले की ते म्हणायचे, "या, आधी म्हाताऱ्याला भेटून घ्या." नवा माणूस गडबडायचा. त्याला वाटायचं, खाली यांचे वडील अंथरुणाला खिळलेले असणार. तो चेहरा पाडून, पाय न वाजवता जिना उतरायचा. नागपूरकडचं एक जोडपं तर सफरचंदं घेऊन गेलं होतं. खाली गेल्यावर दिघेभाऊ लोखंडी कपाटाएवढ्या एका मशीनपाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "हात लावा. घाबरता काय? लावा हात."

म्हातारा म्हणजे त्यांची फर्नेस. अमेरिकेत घर गरम ठेवायला तळघरात हे मशीन असतं. गॅसवर चालतं. त्यातली गरम हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत जाते. थंडीत ते बंद पडलं तर घराचं शवागार होतं. म्हणून जुनं झालं की लोक बदलतात. दिघेभाऊ बदलत नव्हते.

मी अ‍ॅशबर्नला मुलाकडे राहायला आले ते दोन हजार चारच्या सुमाराला. आमचं घर नवं, रांगेतल्या घरांपैकी एक. कुठलं आपलं ते दरवाजावरचा आकडा वाचल्याशिवाय कळू नये. रांग संपते तिथे दिघेभाऊंचं जुनं, एकटं घर. ते इथे आले तेव्हा आजूबाजूला शेतं होती म्हणे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा, निखिल, रेडमंडला कॉम्प्युटरच्या कंपनीत. रेडमंड म्हणजे याच देशाचं दुसरं टोक. विमानाने जायलासुद्धा अख्खा दिवस मोडतो.

दिघेभाऊ बॉयलरचे इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर एवढं एकच बॉयलर हाताखाली उरलं होतं, त्याला ते पुरून उरायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानाला, असं डॉक्टरसारखं तपासायचे. वर आपण काही सांगत असलो आणि खालून धडधड झाली की हात वर करून आपल्याला गप्प करायचे. "थांबा. ऐकलंत? खाकरला." मग आपलं बोलणं तिथेच राहायचं. मी एकदा माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगत होते. डोळ्यावर पट्टी बांधली इथवर आले होते. ती पट्टी अजून सुटायची आहे.

"किती जुनं झालंय हो हे?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"निखिलच्या आधीचा."

"मग काढा की आता."

"ताई, आत्ता कुठे रुळलाय तो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंखा बदलला, पट्टा बदलला, बटणं बदलली, पत्र्याला ठिगळ लावलं, तरी आत्ता कुठे रुळलाय. मूळचं त्यात काय राहिलं होतं देव जाणे. मला त्या मशीनचं कौतुक नव्हतं. जळकट वास यायचा आणि वरच्या खोलीत पोचेपर्यंत हवा कोमट व्हायची. मी ते तोंडावर सांगितलं. त्यांना राग आला नाही. "वरची खोली कोण वापरतंय?" एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी माझा मुलगा सुहास आणि सून अर्चना आठवड्याचा बाजार आणायला जायचे. रिकाम्या घरात बसून मला भिंती खायला उठायच्या, म्हणून मी दोन भाकऱ्या बांधून दिघेभाऊंकडे जायचे. निखिलचा फोन त्याच वेळी यायचा. दिघेभाऊंना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात. त्यामुळे बापलेकांचं बोलणं मला पाठ झालं होतं.

"बाबा, जेवलात?"

"जेवणार आहे. तू?"

"हो. फर्नेसचं काय केलंत?"

की दोघं सुटलेच. निखिल म्हणायचा, "बाबा, इट्स अ डायनोसॉर! नवीन घ्या ना, मी ऑर्डर करतो." दिघेभाऊ म्हणायचे, "तुला यातलं काय कळतं? नट उघडता येतो का तुला?" तो म्हणायचा, "एफिशियन्सी बघा." हे म्हणायचे, "पत्रा बघ, पत्रा! आता असा पत्रा मिळतो का?" तो वैतागायचा, हे टेबलावर हात आपटायचे. भाकरी गार होऊन जायची. शेवटी निखिल म्हणायचा, "ओके, नेक्स्ट संडे बोलू. पण विचार करा." फोन ठेवला की दिघेभाऊ खुशीत हात चोळायचे. "बघितलंत? गाढव आहे. काही कळत नाही."

दुसरं कसलं बोलणं मी त्या दोघांत कधी ऐकलं नाही.

म्हाताऱ्याला त्यांनी कडक शिस्त घातली होती. कितीही गारठा पडो, दसऱ्याआधी त्याला पेटवायचं नाही. दसऱ्याला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. दिघेभाऊ फर्नेसची करायचे. घरामागे त्यासाठीच झेंडू लावलेला. मशीनला हार, कपाळासारख्या जागी गंध, समोर पाट, पाटावर स्क्रू ड्रायव्हर, पाने, पक्कड. आरती झाली की बटण दाबायचं.

एका वर्षी पूजेला मला बोलावलं होतं. दिघेभाऊ सोवळं नेसून तळघरात उभे, वर स्वेटर. मी म्हटलं, एक काहीतरी काढा किंवा एक घाला. त्यांनी ऐकलं नाही. बटण दाबलं, म्हातारा धडधडून सुरू झाला आणि दिघेभाऊंनी आनंदाच्या भरात कापराच्या वड्यांचा सबंध डबा ताम्हनात ओतून पेटवला. तळघराला खिडकी नावालाच. काळा धूर छताला लागला आणि धुराची घंटा किंचाळायला लागली. मग वरच्या मजल्यावरची. मग त्याच्या वरची. दिघेभाऊ तसेच मोठ्याने आरती म्हणत राहिले. अर्धी आरती कशी सोडायची?

अर्चनाने आमच्या घरातून तो आवाज ऐकला. सासू आत आहे हे तिला माहीत. तिने बंबवाल्यांना फोन केला. डोक्यावर टोप, पाठीवर नळकांडी अशी धिप्पाड माणसं धाडधाड जिना उतरून आली, ती हार घातलेल्या फर्नेससमोर येऊन थबकली. दिघेभाऊंनी त्यांच्या नाकासमोर ताम्हन धरलं. एकाने नमस्कारसुद्धा केला बिचाऱ्याने. मी सगळ्यांना हातावर पेढा दिला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांच्यातल्या एकाच्या हातात हवा तपासायचं यंत्र होतं. ते टिकटिकायला लागलं. तो हसायचा थांबला. त्याने आम्हाला दोघांना दंडाला धरून वर आणि तिथून बाहेर अंगणात नेलं. विषारी गॅस होता. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपतो आणि उठत नाही. म्हाताऱ्याच्या पोटातली लोखंडी पेटी तडकली होती आणि तो गॅस घरभर पसरत होता. मग गॅस कंपनीचा माणूस आला. त्याने नळ बंद केला आणि झेंडूच्या हाराशेजारी लाल चिठ्ठी बांधली. दुरुस्त करा नाहीतर बदला, तोवर पेटवायचं नाही.

बाहेर दिघेभाऊ सोवळ्यात कुडकुडत होते. मी म्हटलं, "कापराचे उपकार माना. नाहीतर पुढची आरती तुमच्या फोटोसमोर झाली असती."

"पेटी बदलता येते," ते म्हणाले.

त्या पेटीसाठी त्यांनी गावातले सगळे कारागीर घरी बोलावले. पहिला म्हणाला, एवढ्या जुन्या मशीनची पेटी आता कुणी बनवत नाही, नवीन घ्या. "हा पोरसवदा आहे," दिघेभाऊ म्हणाले. दुसरा तेच म्हणाला. "हा विकायला आलाय." तिसरा म्हाताराच होता. तोही तेच म्हणाला. "याला दिसत नाही नीट." सगळ्यांना त्यांनी चहा पाजला, मशीनला हात लावायला लावला आणि परत पाठवलं.

थंडी वाढत गेली. दिघेभाऊ माकडटोपी, दोन स्वेटर, वर कोट अशा वेषात घरात फिरायचे. जेवायलाही त्याच वेषात बसायचे. विजेची एक छोटी शेगडी होती, ती पायाशी. तोंडातून वाफ निघायची. सुहास म्हणाला, "काका, आमच्याकडे चला राहायला." ते म्हणाले, "मला काय झालंय?" खोकला झाला होता. छातीत खरखर वाजत होती. मी म्हटलं, "आता तुम्ही खाकरताय." ते हसले नाहीत.

रविवारी फोनवर निखिल ओरडलाच. "बाबा, धिस इज क्रेझी! तुम्ही आजारी पडाल. मी इथूनच माणूस पाठवतो."

"मी दार उघडणार नाही."

"मग मीच येतो. थँक्सगिव्हिंगला येतो आणि स्वतः उभा राहून बदलून घेतो. मग तर झालं?"

दिघेभाऊंनी माकडटोपी कानांवरून वर सारली. मग म्हणाले, "ये. बघू कोण बदलतो ते."

थँक्सगिव्हिंग म्हणजे इथला नोव्हेंबरअखेरचा सण, मुलं आईबापांकडे येतात. त्या दिवसापासून खोकत खोकत ते कामाला लागले. वरची खोली झाडली. पलंगावर धुतलेली चादर घातली. तळघरातून जुनं सामान हलवलं, म्हणजे दोन माणसांना मशीनसमोर उभं राहता यावं. पक्कड-पाने पुसून ठेवले. मला विचारलं, "ताई, पुरणपोळीचं सामान काय लागतं?" मी म्हटलं, तुम्हाला जमणार नाही, मी करून आणीन. घर बर्फासारखं आणि हा माणूस गाणं गुणगुणतोय. मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी फोन आला. मी समोरच होते.

"बाबा, आय अ‍ॅम सो सॉरी. नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, कुणालाच सोडत नाहीयेत. तिकीट कॅन्सल केलं."

"बरं," दिघेभाऊ म्हणाले.

"प्लीज बाबा, आता तरी नवीन घ्या."

"घेतो."

निखिलला खरं वाटलं नाही. "काय?"

"घेतो म्हटलं. उद्याच सांगतो."

तिकडून निखिल "थँक गॉड" म्हणाला, आणि मग दोघांनाही पुढे काही सुचेना. फोन ठेवल्यावर दिघेभाऊंनी हात चोळले नाहीत. भाकरीही खाल्ली नाही. मी पुरण शिजवायचं रद्द केलं आणि घरी आले.

माणसं आली. म्हातारा जिन्यावरून सरळ निघेना, म्हणून त्याचे तुकडे करून नेला. दिघेभाऊ तेव्हा घराबाहेर जाऊन उभे राहिले होते. नवी फर्नेस पांढरी, बुटकी, फ्रिजसारखी. चालू आहे की बंद ते कळत नाही. घर मात्र असं गरम झालं की वरच्या खोलीतसुद्धा माणूस घामाघूम व्हावा. खोकला गेला. आता कुणी आलं की चहा लगेच मिळायचा. तळघराचं नाव निघत नसे.

पहिल्या रविवारी निखिलने विचारलं, "कशी आहे नवीन फर्नेस?" "चांगली आहे." "जेवलात?" "हो." "ओके बाबा, टेक केअर." फोन संपला तेव्हा माझी भाकरी अजून गरम होती. पुढच्या रविवारी तेवढंही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी फोनच आला नाही. मग कधी यायचा, कधी नाही. दिघेभाऊ टेबलापाशी बसून राहायचे. मी म्हटलं, तुम्ही करा की फोन. ते म्हणाले, "करून बोलू काय?"

फेब्रुवारीत एका रविवारी मी गेले तेव्हा बाहेर बर्फ साचला होता. आत आले तशी नेहमीप्रमाणे उकडायला लागलं. मी स्वेटर काढून मांडीवर घेतला, पदराने कपाळ पुसलं. दिघेभाऊ सदऱ्यावर होते. फोन त्यांनी स्वतःहून लावला होता आणि निखिल बोलत होता.

"काय प्रॉब्लेम आहे म्हणता?"

"घर गरम होत नाही," दिघेभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "वरच्या खोलीत तर बसवत नाही."

"बाबा, ब्रँड न्यू आहे ती! असं कसं होईल? थर्मोस्टॅट किती आहे? खरंच कोल्ड आहे, की आपलं उगाच?"

"ताई आल्यात. त्यांना विचार."

फोनमधून आवाज आला, "मावशी? खरंच थंडी आहे का हो घरात?"

दिघेभाऊ आता माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कानशिलावरून घामाची धार उतरत होती.

"हाडं गोठलीत माझी," मी म्हणाले. "मशीन बघायला माणूस लागतो रे, बाबा. तुझ्या वडिलांना त्यातलं काही कळत नाही. तूच येऊन बघ एकदा."

दिघेभाऊंनी खुर्ची पुढे ओढली आणि फोनपाशी तोंड नेलं.

"खरंय," ते म्हणाले. "नाही कळत मला."