भांडायला माणूस पाहिजे

आमचे वाघमारे काका दर रविवारी सकाळी मला भांडायला बोलावतात. अगदी रीतसर. चहा देतात, चुरमुऱ्यांचा सुशीला देतात, पंख्याचं तोंड माझ्याकडे करतात आणि म्हणतात, "हं सायेब, करा सुरू." भांडणाचा विषय एकच: सत्तरच्या दशकाच्या शेवटी विलायतेत निघालेली रॉक गाण्यांची एक तबकडी. आता मी पडलो बँकेतला कॅशियर. मला इंग्रजी गाण्यातलं 'येस' आणि 'नो' कळतं, तेही गाणारा सावकाश गात असेल तर.

काका ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. निम्मी नोकरी किनवटकडच्या रस्त्यांवर गेली. नांदेडात आमच्या दारासमोर त्यांचं दार. काकू रविवारी सकाळी विहारात जातात. "वंदनाही होते अन् कानही वाचतात," असं मला जिन्यात सांगून जातात.

ऐकण्याचे नियम कडक आहेत. चपला बाहेर, मोबाइल बाहेर. तबकडी काका स्वतः काढणार, मऊ फडक्यानं पुसणार, सुई ठेवणार. मधे बोलायचं नाही. संपल्यावर गप्प बसायचं नाही. पहिल्या रविवारी मी डोळे मिटून ऐकत होतो. खरं सांगायचं तर डोळे आपोआप मिटले होते. जाग आली तसा घाईघाईनं म्हणालो, "वा! हा तुकडा काय सुंदर आहे!" काका माझ्याकडे बघतच राहिले. "सायेब, बाजू संपली. सुई नुसती खरखर करून राहिली." मी म्हणालो, "तरी पण." आता ह्या 'तरी पण'ला काही अर्थ आहे का? पण माणूस पकडला गेला की काहीही बोलतो.

त्या तबकडीत वाजवणारे चौघे आहेत. काका त्यांची ओळख साइटवरच्या माणसांसारखी करून देतात. "हे खालून धुम धुम वाजून राहिलंय न्हाई? तो पाया. लोकाला दिसत न्हाई, पण तो खचला की समदं बसलं. ड्रमवाला मुकादम हाय. त्यो थांबला की समदे थांबले. अन् हा गिटारवाला..." इथं काकांचा आवाज मऊ होतो. "ह्याला घाई न्हाई बघा. पूल पुरा झाल्याबिगर हा घरी जात न्हाई." गिटारवाला खरोखरच घरी जात नाही. एकदा तो सुरू झाल्यावर मी परवानगी काढून आमच्या गॅसवरचं दूध उतरवून आलो, तरी हा आपला पुलावरच.

एक रविवार ह्या लाडक्या तबकडीचा, तर पुढचा तिच्या बरोबरीच्यांचा. हैदराबादच्या जुन्या बाजारातून काकांनी त्याच काळातल्या तबकड्यांचं अख्खं कपाट जमवलंय, आणि त्यातली एकही त्यांना आवडत नाही. चकचकीत कपडे घालून नाचवणारे आहेत. "कंबर हालती, मन हालत न्हाई." बाजूभर एकच गाणं वाजवणारे आहेत. "टेंडर पास झालं, काम सुरू हुईना." पण सगळ्यात मोठा राग गालात टाचण्या टोचून गाणाऱ्या 'पंक' पोरांवर. तीन सूर, दोन मिनिटं, आरडाओरडा, खलास. "बोंबलत आले अन् बोंबलत गेले!" गंमत म्हणजे कपाटात सगळ्यात जास्त तबकड्या ह्याच पोरांच्या, आणि त्यांचीच पाकिटं हाताळून मऊ पडलेली.

"काका, आवडत नाही ते एवढं कशाला जमवलं?"

"अहो, बेकार हाय म्हणायचं तर ऐकावं लागतंय की!"

मी प्रत्येक गोष्टीला "अगदी बरोबर" म्हणायचो. थोडं शेजारधर्म म्हणून, थोडं सुशील्यासाठी. मला वाटायचं, इतका गुणी श्रोता ह्या माणसाला उभ्या जन्मात मिळाला नसेल. पण काका दिवसेंदिवस उतरत चालले होते. मी "बरोबर" म्हटलं की त्यांचा चेहरा आणखी पडायचा. एका रविवारी ते चिडलेच. "तुम्ही समद्यालाच हाव म्हणता! भिताडाशी बोलून राहिलो का मी?"

माझंही डोकं सणकलं. सुट्टीच्या दिवशी कान किटेस्तोवर ऐकायचं आणि वर बोलणी खायची! "मग शोधा ना कुणी भांडखोर!" मी म्हणालो.

काका खुर्चीत बसले. "होता की," ते म्हणाले. "चाकूरचा दिग्या."

लातूरला शिकताना दिगंबर आणि मिलिंद, म्हणजे आमचे काका, एका खोलीत राहायचे. दिगंबरराव चाकूरच्या शेतकऱ्याच्या घरचे, काका जळकोटचे. खोलीत टेप एक आणि आवडी दोन. काकांची ही तबकडी कॅसेटवर उतरवलेली, आणि दिगंबररावांची ती टाचणीवाली पोरं. पहिल्याच आठवड्यात भांडण लागलं, आणि ते मिटवावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, नातवंडं आली. तरी दर रविवारी काका एक तबकडी ऐकणार आणि चाकूरला फोन लावणार. हे नांदेडहून शिव्या घालणार, ते चाकूरहून. मग उन्हाळ्यात दिगंबररावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ अडखळायला लागली.

"फोनवर मी म्हणलं, दिग्या, तुझी पोरं बेकार हायत," काका सांगत होते. "वहिनीनं फोन त्याच्या कानाला धरला होता. तर तो 'हं' म्हणला. दिग्या मला हं म्हणला, सायेब! तवापासून फोन लावायची हिंमतच हुईना."

इतके रविवार मी कुणाच्या जागी बसत होतो ते मला तेव्हा कळलं. आणि किती रद्दड बसत होतो तेही. फार वाईट वाटलं मला.

पुढच्या रविवारी चाकूरला जायला मी गाडी काढली. काकांनी रेकॉर्ड प्लेअर मांडीवर घेतला आणि लोह्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला "हळू, सायेब, सुई हाय" म्हणत राहिले. जन्मभर रस्ते बांधलेल्या माणसानं खड्ड्यांबद्दल किती बोलावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अहमदपूर मागं पडलं आणि काकांना खड्डे दिसेनासे झाले. एकदम म्हणाले, "तो आज बी हं म्हणला तर? मला लई भेव वाटून राहिलं."

"नाही म्हणणार," मी ठासून सांगितलं. कशाच्या जोरावर, ते मला विचारू नका.

दिगंबरराव ओसरीत खुर्चीवर बसले होते. अंगावरचा सदरा सैल झाला होता. काकांना बघून अर्धं तोंड हसलं. वहिनींनी पाणी दिलं. काकांनी आधी आपली लाडकी लावली. गिटारवाल्यानं पूल पुरा केला. दिगंबरराव भिंतीकडे बघत राहिले. मग काकांनी टाचणीवाली पोरं लावली. ती आली आणि संपलीसुद्धा. काका दिगंबररावांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मी काकांच्या.

मग काकांनी जे केलं ते मी स्वतः बघितलं म्हणून सांगतो. त्यांनी मित्राचा डावा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "दिग्या, तुझंच खरं हाय बघ. माझे उगंच लांबण लावून राहिले. तुझी पोरं भारी."

दिगंबररावांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी हात हिसकून घेतला. जीभ वळेना, तोंड वाकडं व्हायला लागलं. वहिनी धावत पुढं आल्या, तर त्यांनाही त्यांनी डाव्या हातानं मागं सारलं.

"मि... मिल्या," ते म्हणाले, "मी... मरून राहिलो... का रे?"

दिगंबररावांनी डाव्या हातानं खुर्चीवर थाप मारली.

"नीट... भांड."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आजारपणापासून एवढे शब्द एका वेळी त्यांनी ऐकले नव्हते. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही. ते पुसायचं भान कुणाला होतं! ते ताडकन उठले आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "तीन सुरात कुठं गाणं असतंय का रे, गाढवा!"