सगुणाबाईंनी एका गोलाने अर्धे तळे घेतले त्याची हकीकत

श्रीगजाननास आणि गोठल्या उदकास नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, पौषमासी, उत्तरेस डोंगरांचे पोटी एक थंड दौलत, तेथील थोरले तळे गोठोन पाषाण जाहले. तयावर आइस हॉकी ऐसा खेळ चाले. पायी पात्यांचे जोडे, हाती काठी, आणि काठीने काळी चकती हाणोन प्रतिपक्षाचे जाळियांत घालावी, त्यास गोल म्हणावे. खेळ पुरुषांचा. मुलींस काम इतकेच की, पहाटे घागरींनी पाणी आणोन बर्फावर ओतावे, आणि ते गोठोन आरसा होई, आणि मग गडी त्यावर खेळोन त्याचा पार भुगा करीत. दोन प्रहरी उन्हाने बर्फ मऊ पडे, गडी जेवावयास जात, तेव्हां त्या टाकाऊ बर्फावर मुली भावांचे जोडे लोकर कोंबोन पायी घालीत आणि खेळत. त्यांत वडील सगुणाबाई, वय वर्षे सोळा, गड्यांचा नाईक सुभानजी याची बहीण. पाच हिवाळे स्वहस्ते आरसा केला, परंतु त्यावर पाऊल ठेवणे कधी नशिबी आले नाही.

तों चहूंदेशींचे जासूद आले आणि तळ्याकाठी महाराजांस वर्तमान सांगते जाहले की, दर्यापलीकडे मुलींच्या फौजांच्या फौजा बर्फावर उतरतात, पूर्वेचे बेटी शाळाशाळांतून काठ्या वाटिल्या, आणि जेथे बर्फ कधी पडिले नाही तेथेही यंत्राने पाणी गोठवोन लेकी खेळतात. ऐकोन सभेने तोंडांत बोटे घातली. मग जासूद बोलिले की, त्यांतील एका राज्याच्या मुली आठां दिवशी येथे येताती, आपल्या लेकी समोर द्याव्या. महाराजांनी पुसिले, "आपल्याकडे आहेत की नाहीत?" सुभानजी हसोन बोलिला, "आहेत ना महाराज, त्या काय घागरी घेऊन उभ्या." सभा खदखदली. सगुणाबाईंनी घागर खाली ठेविली आणि बोलिल्या, "खेळू आम्ही महाराज. एक गोल जरी केला, तरी सकाळचे अर्धे बर्फ मुलींचे." सुभानजी बोलिला, "आणि नाही जाहला तर?" त्या बोलिल्या, "तर दादा, पुन्हा जोडे पायांत घालणार नाही. पाणीच घालीन." महाराजांनी शब्द दिधला.

नेमिले दिवशी पाहुण्या आल्या. काय त्यांचा वेग वर्णावा, घारी उतराव्या तैशा बर्फावर उतरल्या. परंतु दरबाराची रीत मोठी, प्रथम बर्फावर गालिचे, मग आहेर, मग मानकऱ्यांची भाषणे, कोणी आटोपते घेईना, आणि त्यांत सूर्य माथ्यावर आला. मग खेळ लागला. पाहुण्यांनी एकामागोन एक नऊ गोल केले. लोक घरी जावयास उठले. खेळाची वेळ भरत आली तों एका पाहुणीने आपले सखीकडे चकती सोडिली, ती दक्षिणेचे काठाशी येऊन अडली. तेथे खालोन झरा, दोन प्रहरी बर्फ तेथे प्रथम मऊ पडे, हे पाणी घालणारीवाचोन कोणास ठाऊक? सगुणाबाई आधीच तेथे उभ्या. चकती घेतली आणि धावल्या, जोडे सैल, एक पाऊल घसरले, तैशाच गुडघ्यावर घसरत काठी हाणिली, आणि चकती जाळियांत पडली. मग प्रतिपक्षाची जाळे राखणारी हिने काठी उंच करोन मुजरा केला, आणि तो पाहोन तमाम लोक उठोन उभे राहिले, महाराजही राहिले.

दुसरे दिवशी पहाटे सगुणाबाई तळ्यावर गेल्या, तों सुभानजी घागर घेऊन उभा. बोलिला, "किती ओतू गं?" त्या बोलिल्या, "पातळ ओत दादा, आणि दोनदा ओत. घाई केलीस तर आंत फुगे राहतात." त्याने तैसेच केले. मग पाणी गोठले, आणि सगुणाबाईंनी त्या आरशावर पहिले पाऊल ठेविले, आणि त्यांस रडू आले.

येणेप्रमाणे नवास एक ऐशी हार होऊन अर्धे तळे लेकींकडे आले. घागरी तेव्हांपासोन पाळीने आहेत. हकीकत पुरी जाहली.