उरलेला आकाशी रंग

बाथरूमच्या दाराला दोन हात मारून झाले आणि डब्यात चांगला वाटीभर रंग उरला. सगळा घोळ त्या वाटीभर रंगानं केला. (माझा त्यात काडीचाही दोष नाही, असं मी इथंच लिहून टाकणार होतो. पण ही मागं उभी राहून वाचतेय.)

आता उरलेला रंग खुशाल टाकून देणारी माणसं जगात असतीलही. मी त्यांतला नाही. हातात ब्रश आणि डब्यात रंग असला की मला घरातली एकही बिनरंगाची वस्तू बघवत नाही. आधी बाल्कनीतलं स्टूल आकाशी झालं. मग कुंड्या. मग झाडूचा दांडा.

"अहो, पुरे झालं," ही म्हणाली. "मला तर एका जागी जास्त वेळ बसायची भीती वाटायला लागलीय."

तरी रंग उरलाच होता. आणि नेमकी तेव्हाच आमच्या घरी बब्याची गिटार आली.

बब्या म्हणजे माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. छातीपर्यंत दाढी, दंडावर गोंदलेला विंचू, चालताना बुटांच्या साखळ्या वाजतात, आणि घरात नाव बब्या. बब्या व्यवसायानं गिटारवादक आहे. त्यातलं 'व्यवसायानं' मला जरा उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या देखत मी अगदी आपुलकीनं त्याला विचारून बसलो, "गिटार ठीक आहे रे, पण पोटापाण्यासाठी काय करतोस?"

ते लग्न मोडलं. (माझ्या त्या एका वाक्यामुळेच मोडलं, असं माझं मत नाही. बाकी सगळ्यांचं आहे.) त्या दिवसापासून बब्यानं आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. जेवताना हिला भावाची आठवण यायची आणि ठसका मला लागायचा.

शेवटी हिनंच जमवून आणलं. बब्या जागा बदलत होता. नव्या जागेच्या दाराला अजून धड कुलूप बसलं नव्हतं. तेव्हा त्याची लाडकी इलेक्ट्रिक गिटार आणि तो भला थोरला अॅम्प्लिफायर शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत आमच्याकडे ठेवायचा, असं ठरलं. "तुमच्या विश्वासावर ठेवतोय तो," हिनं मला बजावलं. "या वेळी काही केलंत ना, तर माझं माहेर संपलं म्हणून समजा." हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते. मीही मनातल्या मनात शपथ घेतली की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. (हातांबद्दल शपथ घ्यायची राहिली.)

बब्या आला. अॅम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवला, गिटारची पेटी पलंगावर निजवली आणि माझ्याकडे वळला.

"भावोजी," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी! मला अगदी गलबलून आलं. "हिला हात लावू नका, असं मी म्हणणार नाही."

"नाही, नाही, म्हण की!"

"हात लावू नका."

मग तो स्वयंपाकघरात बसून बहिणीला आणि आईला गिटारच्या गोष्टी सांगत राहिला. (सासूबाई आमच्याकडेच असतात.) मी तेव्हा खाली जिन्यात टपालपेटी रंगवत होतो, त्यामुळे त्यातलं मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, मला सुट्टी होती. ही सासूबाईंना घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली. मी पेटी उघडली. नुसती बघायला. बघणं म्हणजे काही हात लावणं नव्हे.

अरेरे! काय ती दशा! वर जिथे हात टेकतो तिथला रंग पार उडून आतलं लाकूड दिसत होतं. कडांचे टवके गेलेले. पाठीवर बकलाचे ओरखडे. डोक्यावर तर चक्क चटका. एवढा दाढीवाला कलाकार आणि असली भिकार गिटार घेऊन चारचौघांत उभा राहतो? मला बब्याची फार दया आली. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की जिथं म्हणून रंग शिल्लक होता, तिथं तो आकाशी होता.

मी धावत जाऊन डबा आणला. झाकण गिटारला लावून पाहिलं. तोच रंग! तंतोतंत तोच!

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? एका वाक्यानं मी त्याचं लग्न मोडलं होतं (म्हणे). ब्रशाच्या चार फटकाऱ्यांत त्याची भरपाई होत होती. मी तारांवर वर्तमानपत्र बांधलं, पॉलिश पेपर घेतला आणि लागलो कामाला.

खरं तर मी एक टवकाच बुजवणार होतो. पण तिथला नवा रंग बाजूच्या जुन्या रंगात चकाकायला लागला. म्हणून बाजूचा भाग रंगवला. मग त्याच्या बाजूचा. दुपारपर्यंत अख्खी गिटार पुढून, मागून, कडेनं बाथरूमच्या दारासारखी लखलखत होती. आवाजाचं बटणही सुटलं नाही. डब्यात थेंब उरला नाही. इतकं समाधान मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

बायको आणि सासूबाई परत आल्या. सासूबाईंनी नव्या चष्म्यातून पहिली गोष्ट पाहिली ती ही गिटार.

"किती स्वच्छ दिसतंय ना?" मी म्हणालो.

ही तशीच चपलांसकट खुर्चीत बसली. ती चपला न काढता बसते तेव्हा मला फार भीती वाटते.

"अहो... इथं त्याच्या हाताची जागा होती."

"हो ना! पार झिजलं होतं. बुजवलं."

"वर्षानुवर्षं वाजवून वाजवून झिजलं होतं ते. हा इथला टवका पहिल्या कार्यक्रमात उडाला. स्टेजवरून पडला होता तो, गिटार छातीशी धरून. आणि तो चटका त्याच्या गुरुजींच्या सिगारेटचा होता. सांगताना रडला तो काल. या डागांना हे लोक जिवापाड जपतात. तेच तिचं सोनं! आणि तुम्ही... तुम्ही त्याला बाथरूमचा रंग दिलात?"

माझ्या हातून ब्रश गळून पडला. (फरशीवरचा तो डाग अजून आहे.)

"तो उद्या दुपारी येणार," ही रडत म्हणाली. "बघेल आणि जाईल. पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही."

मी आजवर हिला पुष्कळ वेळा रडवलंय, पण ते असं नाही. रंग काढायला जावं तर त्याखालचा उरलासुरला रंगही जाणार. मग मला एकच उपाय सुचला. झिजलेलं मी भरलं होतं, आता भरलेलं झिजवायचं! हिच्या मोबाइलमध्ये बब्याचे ढीगभर फोटो होते. त्यांत बघून एकेक डाग होता तसा परत काढायचा.

ती रात्र पंखा गिटारला आणि आम्ही उकाड्यात. शनिवारी सकाळी रंग खडखडीत वाळला आणि आम्ही बसलो. हिनं फोटो मोठा करून धरला. मी सुरी घेतली.

"डावीकडे. अहो, गिटारच्या डावीकडे, तुमच्या नव्हे! हं. आता तिरका ओढा. न थरथरता!"

मी डोळे मिटून ओढला. उघडून पाहिलं तर पट्टी लावून आखल्यासारखी सरळ रेघ आली होती. कारकुनाचा हात! जन्मभर रकाने आखले, दुसरं काय येणार?

"सरका, जावईबापू," मागून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. एका हातात भांडी घासायची तारेची घासणी, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. "तुमचं काम नव्हे हे."

त्या मांडी ठोकून बसल्या, चष्मा सारखा केला आणि जुडगा उगारून जो काही घाव घातला, की हातभर उंच टवका उडाला.

"ही शिक्षा, बँकेची परीक्षा सोडली त्याची!" त्या म्हणाल्या.

"आई!" ही ओरडली.

"गप गं. फोटो धर. आणि ही त्या दाढीची!" खर्रकन बकलाचे ओरखडे उमटले, हुबेहूब. "ही त्या विंचवाची! ही रात्री-बेरात्री माझ्या डोक्याशी टँव टँव केलं त्याची!" घासणी फिरत होती, रंगाचा भुगा उडत होता आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं होतं की मी हळूच चार पावलं मागं सरकलो. त्याच्या गिटार वाजवण्याचा त्यांना इतका राग होता हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी आजवर सगळं ओठ दाबून सोसलं होतं. चटक्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवायला गेलो, तर तोही त्यांनी माझ्या हातून घेतला.

गिटार होती तशी झाली. अगदी तश्शी! हिनं डोळे पुसले. "वाजते ना पण?"

वायर लावली. अॅम्प्लिफायर सुरू केला. मी हलकेच एक तार छेडली.

काय झालं ते नीटसं सांगता येत नाही. खिडक्यांच्या काचा थडथडल्या, भिंतीवरचं घड्याळ खाली आलं आणि मी पलंगावर बसलेला होतो तो पलंगाखाली गेलो. आवाजाचं बटण रंगानं गच्च चिकटून बसलं होतं, तेही सगळ्यात मोठ्या आवाजावर. दारावर धपाधप थापा पडल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक बनियनवर धावत आले होते.

"सिलिंडर का?"

"नाही, नाही. मेव्हण्याची गिटार आहे."

"मग सिलिंडर बरा," असं म्हणून ते गेले. मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ते बटण सोडवलं.

दुपारी बब्या आला. आम्ही तिघं सोफ्यावर ओळीनं बसलो होतो, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे. त्यानं गिटार उचलली. हुंगून पाहिलं. "कसला वास येतोय?"

"दाराचा," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

त्यानं गिटार नीट ठेवली आणि हात धुवायला बाथरूममध्ये गेला. मग बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. नळाचाही नाही. हिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

"भावोजी," आतून आवाज आला. "जरा इकडे या."

मी गेलो. बब्यानं मला आत घेतलं आणि आकाशी दार लावून कडी घातली. मी दाराकडे पाहिलं, त्यानं दाराकडे पाहिलं, आणि मी सगळं भडाभडा ओकून टाकलं. "बब्या, मार मला, पण तुझ्या ताईशी बोलणं सोडू नकोस रे! तुझे ते स्टेजचे टवके, गुरुजींचा चटका, सगळं माझ्या हातानं..."

"हळू बोला!" बब्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. घाम फुटला होता त्याला. "भावोजी, गिटार गेल्या वर्षीची आहे."

"म्हणजे?"

"दुकानातून अशीच मिळते. कारखान्यातच घासतात, ठोकतात, पोपडे काढतात. वर्षानुवर्षं वाजवल्यासारखी दिसावी म्हणून. कोरी करकरीत घेतली तर स्वस्त पडते."

मी जागच्या जागी बादलीवर बसलो. टवक्यांचे जास्त पैसे! "आणि गुरुजींची सिगारेट?"

"गुरुजींना दमा आहे. त्यांनी जन्मात सिगारेट ओढली नाही." बब्या माझ्यासमोर पाटावर बसला. केवढा तो पुरुष, डोळ्यांत पाणी आलेलं. "ताईला सांगू नका. आईला तर मुळीच नाही. मी अजून नवशिका वाटतो लोकांना, म्हणून... प्लीज, भावोजी."

काय सांगू तुम्हाला, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. आम्ही हात मिळवले. बादलीवरून उठून मी त्याला मिठी मारली. आता मेव्हणा माझा, हिचं माहेर शाबूत आणि शिवाय त्याचं गुपित माझ्या मुठीत!

बब्यानं कडी काढली, बाहेर जाऊन छाती पुढं काढली आणि गंभीर आवाजात म्हणाला, "ताई, भावोजींनी मला सगळं सांगितलंय. माझी सगळी वर्षं त्यांनी एका सकाळीत पुसून टाकली. पण मी त्यांना माफ केलं."

"केवढं रे मोठं मन तुझं!" हिनं हंबरडाच फोडला. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले, त्याच्या दाढीवरून हात फिरवला आणि दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी बादलीवरच बसून राहायला हवं होतं असं वाटलं. मी तोंड उघडलं. बब्यानं डोळे वटारले. मी मिटलं.

तेव्हापासून बब्या दर रविवारी जेवायला येतो आणि दर रविवारी मला नव्यानं माफ करतो. त्याचे बँडवाले मित्रही येतात, आपापल्या कोऱ्या गिटारी जुन्या करून घ्यायला. सासूबाई आधी प्रत्येकाची विचारपूस करतात, "शिक्षण किती? आईला फोन करतोस का?" आणि उत्तराप्रमाणे जुडगा चालवतात. एकाची तर इतकी जुनी दिसायला लागली की त्याला पणजोबांची गिटार का, असं विचारतात म्हणे.

परवा आम्ही सगळे बब्याच्या कार्यक्रमाला गेलो. पहिल्या रांगेत बसून मी गिटारवर माझी रेघ शोधत होतो. सासूबाईंचे सगळे ओरखडे दिव्यांत झळकत होते. माझ्या रेघेवर मात्र एक भला मोठा स्टिकर चिकटवलेला. मध्यंतरात मी बब्याला बाजूला घेऊन विचारलं.

"राग मानू नका, भावोजी," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "बाकी सगळे ओरखडे अगदी खरे वाटतात. तेवढा तुमचाच खोटा वाटत होता."