गावात दांडा एकच

आमच्या शेजारच्या दांडाकाकाला "आज ऊन आहे" असं सांगून बघा. आभाळाकडे न बघताच तो म्हणेल, "तसं नाय!" मग हे ऊन नसून नुसता उजेड कसा आहे आणि खरं ऊन त्याच्या लहानपणी कसं पडायचं, हे तुम्हाला घाम पुसत ऐकावं लागेल.

मी सातपाटीची. लग्न होऊन धाकट्या डहाणूत आले, तर पहिल्याच सकाळी ह्या माणसानं कुंपणापलीकडून विचारलं, "सातपाटीची काय? म्हणजे पापलेटातलं तुला कळतं, असं तुला वाटत असेल." मी म्हटलं, कळतंच. "तसं नाय!" झालं, तेव्हापासून आमचं जमलं. मी रोज चहा विचारते, तो रोज "नको" म्हणतो. मी कप कुंपणाच्या खांबावर ठेवून आत वळले की गुपचूप पितो आणि कप उपडा घालून ठेवतो. जसा काही मांजरानंच प्यायला.

गुजराती व्यापारी सुके बोंबील घ्यायला आला की हा त्याच्याशी अस्सल मराठीत भांडतो, आणि तलाठ्याच्या ऑफिसात गेला की गुजराती फाडतो. उंच, काटकुळा, एकटा जीव. बायको नाही, पोर नाही. सगळ्यांना आडवा जातो म्हणून लोक 'आडवा दांडा' म्हणत असतील, अशी आपली माझी समजूत. ह्या गावात नाव एकदा चिकटलं की मेल्यावरसुद्धा सुटत नाही. एकजण म्हणे स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना शिंकला. आज त्याचा नातू शाळेत 'शिंक्याचा नातू' आहे.

वर्ल्डकप झाला त्या वर्षी गावातली सगळी पोरं फुटबॉलनं झपाटली. माझा धाकटा दीर नीलेश तर केसात वीज कोरून घेऊन आला; सासूबाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण पोरं खेळली, खोटं कशाला बोलू? दिवाळीनंतर आसपासच्या गावांच्या स्पर्धेत फायनलला पोचली. समोर तलासरीकडची टीम. मैदान कोणाचं, यावर नाणं उडवलं आणि आमचा छापा पडला. फायनल इथं की तिथं, ते आम्हीच ठरवायचं.

देवळासमोर मीटिंग बसली. "यात ठरवायचं काय?" नीलेश म्हणाला. "आपलं मैदान, आपला वारा, आपली माणसं!" शिवाय आमची गोलपोस्ट. तिच्यावरचं आडवं लाकूड म्हणजे जुन्या होडीची डोलकाठी, म्हातारी होऊन मधोमध वाकलेली. बाहेरच्याला तो वाक कळतच नाही, याचा गावाला कोण अभिमान!

"तसं नाय!" दांडाकाका मागून उठला. "फायनल घरी खेळायची नाय. तलासरीला जा."

"का पण?"

"तिथं हरलात तर येताना वाटेत टेम्पो चारोटीला थांबवाल. भजी खाल, रेफरीला शिव्या घालाल, ड्रायव्हरशी भांडाल. गावात येईपर्यंत हार अर्धी सांडून जाते. इथं हरलात तर तुम्ही पायात चप्पल घालायच्या आत ती घरी पोचून आईला सगळं सांगते."

सगळे खो खो हसले. कोणीतरी म्हणालं, "काका, तलासरीवाल्यांनी भजी चारली काय तुम्हाला?" सगळ्यांचे हात वर गेले. फायनल घरीच.

घरी येऊन मी पण हसत होते. सासूबाई मात्र बोंबील निवडता निवडता थांबल्या. "तो आडवा आहे म्हणून ते नाव नाय गो. नाव पडलं म्हणून तो आडवा झाला. अशीच फायनल होती, हेच मैदान, हेच लाकूड. पेनल्टी त्यानं मारली, ती वरच्या आडव्या दांड्याला लागून परत आली. गाव हरलं. संध्याकाळपर्यंत नाव पडलं. पुढं त्याला बघायला मुलीकडची माणसं आली, तर पोरं नाचत नाचत 'दांड्याचं घर इकडे' करत त्यांच्या पुढं चालली. ज्याला अख्खं गाव हसतं त्याला पोरगी कोण देणार? उठून गेली माणसं, पाणीसुद्धा प्यायली नाय."

मी त्यांच्या शेजारी बसून बोंबील निवडायला घेतले. आमचा नीलेश अजून लग्नाचा होता.

फायनलच्या दिवशी अख्खं गाव मैदानात. दांडाकाका पण आला, छत्री घेऊन. पण बसला तो मैदानाकडे पाठ करून, खाडीकडे तोंड! "काका, मॅच इकडे आहे," मी म्हटलं. "तसं नाय. मी होड्या बघायला आलोय."

तलासरीनं एक गोल मारला. वेळ संपत आली आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. बॉल नीलेशनं उचलला. सासूबाईंनी डोळे मिटले.

ठक्!

त्या मेल्या वाकातच बसला बॉल. परत आला, शिट्टी झाली, हरलो. नीलेश मैदानात खाली बसला, तोंड गुडघ्यांत. मागून कोणीतरी खुसखुसलं, "अरे, हा तर दुसरा दां..."

"तसं नाय!"

दांडाकाका. मॅच बघितली नव्हती, पण ते लाकूड त्याला आवाजावरून कळलं. छत्री उगारत तो तरातरा मैदानात शिरला. "दांडा मी! इतकी वर्षं सांभाळलंय ते नाव, फुकट वाटायला नाय ठेवलं! गावात दोन दांडे झाले तर पोस्टमननं कागद कोणाला द्यायचा? अं? आणि पेनल्टी कशी चुकवायची, ते तरी नीट बघून घ्या!"

त्यानं बॉल मांडला, लुंगी खोचली, लांबून धावत आला आणि लाथ घातली. बॉल जागचा हलला नाही. चप्पल मात्र दांड्यावरून उडून थेट वाळत घातलेल्या बोंबलांत गेली, आणि काका दाणकन पार्श्वभागावर! मैदान फुटलं हसून. तलासरीवाले हसले, रेफरी हसला. शेवटी नीलेशनं डोकं वर केलं, आणि तोही हसला. त्यानंच काकाला हात देऊन उठवलं.

संध्याकाळी गावात विषय एकच, काकाची चप्पल. नीलेशची पेनल्टी कोणाच्या तोंडी नव्हती. नीलेश नीलेशच राहिला.

रात्री मी सासूबाईंना विचारलं, "काकांचं खरं नाव काय हो?" त्यांनाही आठवावं लागलं. "मधुकर. त्याची आई तेवढी मधू म्हणायची. ती गेली, मग कोण हाक मारतंय?"

सकाळी चहा घेऊन मी कुंपणाशी गेले. काका जपून कंबर धरून बोंबील पसरत होता.

"मधूकाका, चहा!"

त्यानं मागे वळून बघितलं, मी कोणाला हाक मारली ते. मागे कोणीच नव्हतं.

"तुम्हालाच," मी म्हटलं. उगाच पदर सारखा करत राहिले. आता "तसं नाय" येणार म्हणून वाट बघत होते.

काका कुंपणाशी आला. पहिल्यांदाच त्यानं कप माझ्या हातातून घेतला, आणि कपातच बघत म्हणाला, "साखर जरा कमी घालत जा."