कोडी ब्लेकलीचा कडक उपवास

कोडी ब्लेकली हा नट तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर घरातल्या मुलीला विचारा. त्याच्याबद्दल लिहिणारे त्याचं गाव लिहितात, पहिल्या मैत्रिणीचं नाव लिहितात, त्याचा कुत्रा कुठल्या जातीचा तेसुद्धा लिहितात. पण हा पोरगा नट झाला तो लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये, आमच्या स्वयंपाकघरात! आणि तिथे नक्की काय घडलं हे आजवर कोणी खरं छापलेलं नाही. म्हणून आता मीच सांगतो.

२००६ सालची गोष्ट. आमच्या घराजवळ एका छोट्या कंपनीच्या सिनेमाचं शूटिंग व्हायचं होतं आणि ते लोक नटासाठी घरगुती खोली शोधत होते. आमची लॉफ्टची, म्हणजे छपराखालची, खोली रिकामीच होती. दिग्दर्शिका फिलिपा स्वतः बघायला आली. उंच, सडसडीत बाई, अंगात काळा कोट, हातात बिनदुधाचा चहा.

"मिस्टर यतीन, कोडी माझा हीरो आहे," ती म्हणाली. "जहाज फुटून समुद्रात भरकटलेला खलाशी. सहा आठवड्यांत मला तो हाडकुळा झालेला हवाय. त्याचं खाणं बंद. तुमच्या घरी जमेल?"

"मॅडम, उपवास आम्ही जगाला शिकवलाय," मी छाती पुढे काढून म्हणालो. "माझ्या सासूबाई पुण्याहून आल्यात. लग्नाच्या आधीपासून उपवास करतात. तुम्ही निर्धास्त राहा."

माझ्या बायकोने, श्रद्धाने, मला टेबलाखालून लाथ मारली. मी ती कौतुकाची समजलो.

कोडी आला. एकवीस वर्षांचा, नेब्रास्काचा, भूमिकेसाठी दाढी वाढवायला घेतलेला. पहिल्याच संध्याकाळी त्याने आपली सगळी कारकीर्द सांगितली आणि मी ती आईंना मराठीतून ऐकवली. आई म्हणजे सासूबाई. चौथ्या वर्षी टोमॅटो सूपची जाहिरात, सहाव्या वर्षी पीनट बटरची. मग बिस्किटं, नूडल्स, फ्रोझन पिझ्झा. अमेरिकेतल्या फ्रीजमध्ये जे काही असतं, ते सगळं या पोराने कॅमेऱ्यासमोर खाऊन दाखवलं होतं. आता त्याला खरा नट व्हायचं होतं आणि हा त्याचा पहिला सिनेमा.

"हा हातचा गेला तर परत जाहिराती," तो म्हणाला. "एजंटने एक बघूनही ठेवलीय. कुत्र्यांच्या बिस्किटांची."

"अगं बाई, तीही खाऊन दाखवायची?" आईंनी विचारलं.

आणखी एक भानगड होती. सिनेमाच्या शेवटी त्या खलाशाला दुसरं जहाज वाचवतं आणि त्याला पहिलं जेवण मिळतं. पण कोडीला जाहिरातींची इतकी सवय झालेली, की घास तोंडात गेला रे गेला की तो दात दाखवून हसायचा. तालमीत फिलिपाने डोक्याला हात लावला होता.

मी आईंना नियम समजावले. "आई, त्याचा उपवास आहे. पोळी नाही, भात नाही, वरण नाही, भाजी नाही. अगदी कडक."

आईंचे डोळे भरून आले. "एवढंसं पोर, परका देश, आणि उपवास करतंय. यतीनराव, तुम्ही काळजी करू नका. माझ्या हातून त्याचा उपवास मोडायचा नाही."

आणि मोडला नाही, शपथेवर सांगतो. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चहाच्या वेळी राजगिऱ्याचे लाडू, संध्याकाळी रताळ्याचा कीस. उपवासाने पित्त होतं म्हणून वर साजूक तूप, आणि मध्येच अशक्तपणा वाटला तर शिंगाड्याचा शिरा. आई त्याला कोंडिबा म्हणायच्या. कोंडिबा प्रत्येक घासाला त्यांच्याकडे बघून हसायचा आणि त्या आणखी वाढायच्या. साबुदाणा आणायला वेम्बलीच्या भारतीय दुकानात माझ्या इतक्या खेपा झाल्या, की दुकानदाराने विचारलं, घरी काही कार्य आहे का.

कोडी तर भारावूनच गेला. "यतीन, अमेरिकेत उपवास म्हणजे काहीच खायचं नाही. तुम्ही लोक किती पुढे गेलाय!"

"हजारो वर्षांची तपश्चर्या आहे," मी म्हणालो.

फिलिपा फोन करून चौकशी करायची. मी सांगायचो, एकदम कडक चाललाय, सासूबाई स्वतः लक्ष घालतायत. श्रद्धा एकदा म्हणाली, "यतीन, त्याचे गाल दाढीतूनही दिसायला लागलेत रे."

"उपवासाचं तेज आहे ते," मी तिला गप्प केलं.

मग शूटिंगच्या तोंडावर कपड्यांची ट्रायल झाली. खलाशाची फाटकी पँट चढवताना ती आणखी दोन ठिकाणी फाटली. फिलिपाने कोडीला वजनकाट्यावर उभं केलं. वजन उतरायचं सोडून चक्क एक स्टोन, म्हणजे सहा किलोंच्या वर, वाढलं होतं.

घरी आला तो सरळ लॉफ्टवर जाऊन बॅग भरायला लागला. त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, दुपारी नाही. आई जिन्याखालून हाका मारून थकल्या. "कोंडिबा, निदान एक केळं तरी." तेवढ्यात फिलिपाचा फोन आला, संध्याकाळी येतेय, दुसरा मुलगा बघून ठेवलाय. बिचाऱ्याने सगळा भरवसा आमच्यावर टाकला होता.

फिलिपा आली. कोटही काढला नाही. "तुम्ही त्याला काय खायला घातलंत?"

"काही नाही. फक्त उपवासाचं."

"उपवासाचं म्हणजे?"

आईंनी अभिमानाने सगळे डबे टेबलावर मांडले. मी इंग्रजीतून सांगायला लागलो. "हा स्टार्च. हे शेंगदाणे. हा बटाटा. यात गूळ. आणि हे तूप, म्हणजे बटरच, पण बटरपेक्षा जास्त." बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. जन्मभर हे सगळं मराठीत उपवासाला चालत होतं. इंग्रजीत म्हटल्यावर लग्नाची पंगत वाटायला लागली.

कोडी बॅग घेऊन खाली आला. चेहरा पार उतरलेला. "फिलिपा, चूक माझी आहे. मी जातो."

"कुठे जातो?" आई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कालपासून पोटात अन्न नाही त्याच्या. यतीनराव, त्या बाईंना सांगा, सिनेमा गेला ना? मग उपवासही संपला. आणि उपवास सोडल्याशिवाय माझ्यासमोरून कोणी उठायचं नाही."

त्यांनी ताटात वरण-भात वाढला. मऊ भात, पिवळं वरण, तुपाची धार, लिंबाची फोड. इतके दिवस कोडीने तो आमच्या ताटांत नुसता पाहिला होता, उपवास म्हणून कधी शिवला नव्हता. तो फ्रीजला टेकून खाली फरशीवरच बसला. चमचा घेतला नाही. एक घास खाल्ला आणि थांबला. दुसरा खाल्ला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, शितं दाढीत अडकली, आणि तो खातच राहिला. एकदाही हसला नाही. खरं सांगतो, मलाही रडू येत होतं.

फिलिपा वाकून बघत होती. मग सरळ होऊन म्हणाली, "हेच. परवा कॅमेऱ्यासमोर मला हेच हवंय."

"पण माझं वजन?" कोडीने विचारलं.

"वाचवलेल्या माणसाला ब्लँकेटमध्ये गुंडाळतात. खाली ब्लँकेट, वर दाढी. बाकीचं मी कॅमेऱ्यातून सांभाळते."

मग तिने कोट काढला आणि खुर्ची ओढली. आईंनी तिलाही वाढलं.

वर्षभराने सिनेमा लागला. त्या जेवणाच्या सीनला वॉटफर्डच्या थिएटरात लोक हुंदके देत होते. कोडीला मोठं बक्षीस मिळालं, पाठोपाठ आणखी सिनेमे मिळाले. कुत्र्यांची बिस्किटं कोणी खाल्ली, मला माहीत नाही. आई त्या वर्षी परत आल्या होत्या. रविवारच्या पेपरात कोडीवर अर्धं पान आलं, ते मी त्यांना मोठ्याने मराठीतून वाचून दाखवलं. "हा अभिनय शिकवून येत नाही. वॉटफर्डच्या एका भारतीय कुटुंबात राहून या तरुणाने खरीखुरी उपासमार सोसली आहे."

मी कौतुकाची वाट बघत थांबलो. आईंनी चष्मा काढला.

"कुणाकडे सोसली?"

"आपल्याकडे, आई."

"म्हणजे मी पोराला उपाशी ठेवलं? एवढं तूप जिरवलं त्याच्यात, आणि हे छापतात? लावा त्या पेपरवाल्यांना फोन."

मी लावला. पलीकडच्या बाईंनी फार सभ्यपणे विचारलं, नक्की काय दुरुस्ती छापायची आहे? मी आईंकडे बघितलं, मग कोडीच्या बक्षिसाचा विचार केला, आणि राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला. तेव्हापासून आई माझ्याशी श्रद्धामार्फत बोलतात.